तिकीट कुणाला परवडतं?

(दहावी १९९६ बॅचच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर दहा मिनिटं एआयवर बोल." मी म्हटलं, कोल्हापुरात येऊन एआयवर कशाला बोलू? मी फुटबॉलवर बोलते. पलीकडून लगेच, "मग पंधरा मिनिटं घे!"

आठवतंय का, १८ जुलै १९९४, सोमवार? आपण नववीत होतो. आदल्या रात्री एक वाजता वर्ल्ड कपची फायनल सुरू झाली, ब्राझील विरुद्ध इटली. बाहेर पाऊस, आमच्या घरात पेठेतली पंधरा-वीस माणसं आणि एक टीव्ही. जादा वेळेतही गोल नाही. मग पेनल्टी, आणि बॅजिओनं मारलेला बॉल गोलपोस्टच्या वरून गेला. पेठेत फटाके वाजले तेव्हा उजाडायला फार वेळ नव्हता. सकाळी पहिला तास बीजगणिताचा. अर्धा वर्ग पेंगत होता. सरांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं, वळून आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बॅजिओ झोपला असेल का रे?" सर आज पहिल्या रांगेत बसलेत आणि हसतायत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

ती फायनल अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या रोझ बाउल स्टेडियमवर झाली होती. आता २०२६ चा वर्ल्ड कप पुन्हा अमेरिकेत येतोय. कॅनडा आणि मेक्सिको जोडीला आहेत. ४८ संघ, १०४ सामने. १९ जुलैची फायनल न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर, माझ्या घरापासून तासाभराच्या आत. त्याच मैदानावर १३ जूनला ब्राझील विरुद्ध मोरोक्को. आमचे आबा पेले-गारिंचापासूनचे ब्राझीलवाले आणि इथं पाटाकडीलवाले. मला वाटलं, आबांना घेऊन जायचं. इतकी वर्षं त्यांनी मला शाहू स्टेडियमला नेलं, आता एकदा मी नेते.

मग मी दर बघितले.

१९९४ मध्ये तिकिटं २५ डॉलरपासून ४७५ डॉलरपर्यंत होती. तिथल्या महागाईच्या हिशेबानं ते २५ डॉलर आजचे साधारण ५५ होतात आणि ४७५ चे साधारण १,०४०. आज सगळ्यात स्वस्त तिकीट ६० डॉलरचं आहे. म्हणजे खालच्या टोकाला फार फरक नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण अशी तिकिटं मोजकी. फायनलला देशोदेशीच्या संघटनांमार्फत त्यांच्या चाहत्यांना जी तिकिटं द्यायची, त्यांचे दर या डिसेंबरमध्ये बाहेर आले. सगळ्यात स्वस्त ४,१८५ डॉलर आणि सगळ्यात महाग ८,६८०. डॉलर नव्वद रुपये धरा. मागच्या खुर्चीचे पावणेचार लाख, पुढच्या खुर्चीचे पावणेआठ लाखांच्या वर. फुटबॉल सपोर्टर्स युरोप या चाहत्यांच्या संघटनेनं हिशेब मांडला की, आपल्या संघाच्या मागे पहिल्या सामन्यापासून फायनलपर्यंत जायचं तर नुसत्या तिकिटांना किमान ६,९०० डॉलर लागतील. विमान, हॉटेल, जेवण वेगळं. आपल्याकडच्या माणसाला त्याआधी व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलरही भरावे लागतात.

आणि हेच यजमानपद मागताना २०१८ मध्ये जे कागद दिले होते, त्यांत सगळ्यात स्वस्त तिकीट २१ डॉलर आणि फायनलचं सगळ्यात महाग तिकीट १,५५० डॉलर लिहिलं होतं.

आमच्या ऑफिसात संध्याकाळी सफाईला एक बाई येतात, मूळच्या एक्वाडोरच्या. एक्वाडोर विरुद्ध जर्मनी हा सामना २५ जूनला त्याच मेटलाइफवर आहे. त्या बाई स्टेडियमच्या एका बसच्या अंतरावर राहतात. मी विचारलं, "जाणार का?" त्या म्हणाल्या, "मी हिशेब पगाराच्या आठवड्यांत करते. नवरा, मी आणि दोन मुलं, चार तिकिटं. आठवडे पुरत नाहीत." मला एक सामना परवडेल, थोडा जीव मुठीत धरून. त्यांना परवडत नाही. आबांच्या पेन्शनला तर विचारूच नका. परवडतं का, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

आता माझ्या धंद्याचं सांगते. मी जी सॉफ्टवेअरं लिहिते त्यांतलं एक काम हॉटेलच्या खोल्यांचे दर ठरवण्याचं आहे. मागणी वाढली की दर चढतो, कमी झाली की उतरतो. फुटबॉलच्या तिकिटांना आता हीच पद्धत लावलीय. गेल्या उन्हाळ्यात याच मेटलाइफवर क्लब वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, चेल्सी विरुद्ध ब्राझीलचं फ्लुमिनेन्से. तिकीट ४७३ डॉलर ९० सेंटवरून उतरत उतरत सामन्याआधी १३ डॉलर ४० सेंटवर आलं. चाळीस हजार रुपयांची खुर्ची साडेअकराशेला! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लेकीला घेऊन गेले. चेल्सीच्या जोआव पेद्रोनं दोन गोल केले. तो फ्लुमिनेन्सेतच वाढलेला, त्यामुळं त्यानं जल्लोष केला नाही. ते बघून लेक म्हणाली, "आई, हा सॉरी म्हणतोय का?" घरी येऊन आबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग आदी ज्यानं चाळीस हजार दिलं, त्यानं काय घोडं मारलं हुतं?"

आबांना दराचं गणित कुणी शिकवलेलं नाही, पण नेमकं बोट त्यांनी ठेवलं. ही पद्धत माणसाची ओढ मोजत नाही. खिसा किती खोल आहे, एवढंच तिला कळतं. शेवटपर्यंत थांबायची जोखीम ज्याला परवडते त्याचा कधी फायदा होतो. पण जो रिओहून विमानानं येणार, रजा काढणार, त्याला थांबता येत नाही.

आमच्या क्षेत्रातली माणसं म्हणतात, "आम्ही काही करत नाही, बाजार ठरवतो." मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. एकदा आमच्याकडे वादळात एका गावाची वीज गेली. लोक हॉटेलं शोधायला लागले आणि आमच्या प्रोग्रॅमनं दर तिप्पट केले. त्यात चूक कुठंच नव्हती, लिहिलं होतं तसंच ते चाललं होतं. मी तो कोड उघडून बघितला. त्यात दोन ओळी असतात, किमान दर आणि कमाल दर. कमाल दराच्या ओळीत कुणीतरी मोठा आकडा भरून ठेवला होता. ते कुणीतरी म्हणजे मीच. "सध्या टाकून ठेवू, नंतर बघू," म्हणून. दुसऱ्या दिवशी भांडून आम्ही तो आकडा खाली आणला, पण ती रात्र ज्यांची गेली त्यांची गेली.

तेव्हापासून "बाजार ठरवतो" असं कुणी म्हटलं की मी विचारते, त्या ओळीत आकडा कुणी भरला? तो नेहमी माणूसच भरतो. आणि तो वेगळाही भरता येतो. २०२२ मध्ये कतारनं तिथं राहणाऱ्यांसाठी वेगळी श्रेणी ठेवली होती, गटातल्या सामन्याला ४० रियाल, म्हणजे सुमारे ११ डॉलर, आणि फायनललाही ७५० रियाल, म्हणजे दोनशेच्या आसपास डॉलर. २०२४ च्या युरो स्पर्धेत गटातली सगळ्यात स्वस्त तिकिटं ३० युरोची होती आणि फायनलची ९५ युरोची. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या पाहुण्या संघाच्या चाहत्याकडून ३० पौंडांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असं क्लबांनी २०१६ मध्ये ठरवलं. या सगळ्यांनी फुटबॉलमध्ये पैसा मिळवलाच, फक्त काही खुर्च्या बाजूला काढून ठेवल्या.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, हा पैसा जगभरच्या २११ संघटनांकडे जातो, गरीब देशांतली मैदानं त्यातून होतात. मान्य. पण मैदान कुणासाठी बांधायचं, ते बघायला येणाऱ्याला बाहेर ठेवून? दुसरा असा की, तिकीट स्वस्त ठेवलं तर काळाबाजारवाले उचलतात आणि मधला पैसा खातात. हेही खरं. पण त्याला इलाज आहे. तिकीट नावावर द्या आणि परत विकायचं तर मूळ दरानंच, अधिकृत जागीच. पॅरिस ऑलिंपिकला फेरविक्री अशीच होती. या वर्ल्ड कपलाही मेक्सिकोतल्या लोकांसाठी तशी सोय ठेवलीय. इतर ठिकाणी मात्र फिफाच्याच फेरविक्रीत दर मोकळा आहे आणि विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के कापले जातात. सॉफ्टवेअर दोन्हीकडं सारखंच लागतं. नियम कुठला घालायचा, एवढाच फरक.

डिसेंबरमध्ये ते दर बाहेर आल्यावर चाहत्यांच्या संघटनांनी इतका आवाज केला की, आठवड्याभरात फिफानं जाहीर केलं, प्रत्येक सामन्याला, अगदी फायनललाही, काही तिकिटं ६० डॉलरला देऊ. किती? प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण ८ टक्के खुर्च्या, त्यांतल्या १० टक्के. सरांसमोर गणित करते. ८०,००० चं स्टेडियम धरलं तर एका संघाला ६,४००, त्यांतली ६४०. दोन्ही मिळून १,२८०. फार नाहीत, पण आठवड्यापूर्वी एकही नव्हतं. आकडा माणसानं भरलेला होता, म्हणून तो माणसांनी ओरडून बदलता आला.

आपले आबा मात्र त्यातही बसत नाहीत. ती तिकिटं पात्र ठरलेल्या देशांच्या संघटना आपापल्या निष्ठावान चाहत्यांना देणार. भारत पात्र नाही. वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे कटआउट लागतात, घराघरांत भावाभावांत बोलणं बंद होतं. या निष्ठेला त्या यादीत रकाना नाही.

तिकडच्या निर्णयावर आपला हात पोचत नाही. पण एक निर्णय आपल्या हातातला आहे, म्हणून मी आज हा विषय घेतला.

आपल्या माजी विद्यार्थी संघानं पुढच्या वर्षीपासून शाळेच्या मैदानावर आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा भरवायचं ठरवलंय. मला फार आनंद झाला. व्हॉट्सअॅपवर त्याचा आराखडाही आला. त्यात मैदानाच्या कडेला पहिल्या दोन रांगा सोफ्यांच्या, देणगीदारांसाठी. मागे खुर्च्या, तिकीट लावून. आणि शाळेची मुलं कंपाउंडच्या भिंतीकडं, "जागा असेल तशी".

मी देणगीदारांच्या यादीत आहे, म्हणजे त्यांतला एक सोफा माझा. माझी विनंती आहे, तो सोफा मला नको. खासबागेचं मैदान आठवा. शाहू महाराजांनी ते १९१२ मध्ये उभं केलं तेव्हा अशी रचना केली की, शेवटच्या माणसालाही आखाड्यातली कुस्ती नीट दिसावी. महाराजांना सोफा मिळाला नसता असं थोडंच आहे? बांधतानाच त्यांनी मागच्या माणसाचा विचार केला होता.

तर कमिटीपुढं माझ्या तीन सूचना आहेत. पहिल्या दोन रांगा शाळेतल्या मुलामुलींच्या, जमिनीवर सतरंजी टाकून, फुकट. मुलींसाठी अर्धी जागा ठरवूनच ठेवा. त्या काळी आबांचं बोट धरून गेलेली मी गर्दीत बहुतेक वेळा एकटीच मुलगी असायची. दुसरी, तिकीट लावायचंच तर दर आजच लिहून टाका आणि फायनलला तो वाढवू नका. तिसरी, देणगीदार मागे खुर्चीवर. फक्त आपल्या सरांची आणि बाईंची खुर्ची पुढं, त्याला कुणाची हरकत नसावी. यात जो खर्च तुटेल, त्यातला माझा वाटा मी जास्तीचा देते. एका फायनलच्या तिकिटाच्या पैशांत आपली स्पर्धा बहुधा दोनदा होईल.

ब्राझील-मोरोक्कोचं काय, असं तुम्ही विचारणारच. सोडतीत मी दोन तिकिटांसाठी अर्ज भरलाय, सगळ्यात खालच्या श्रेणीत. लागलं तर आबांच्या व्हिसाच्या मागे लागेन. नाही लागलं तर फेरविक्रीत घ्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. परवा आबा म्हणाले, "तिकडं चारचौघांत गप बसून बघाय लागतंय म्हणं. त्यापरीस ह्या रविवारी शाहू स्टेडियमला चल." तर रविवारी आम्ही तिथं आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी या. तिकीट मी काढते. सगळ्यांचं काढलं तरी परवडतं मला!