सड्यावरच्या चिरेखाणी

कोकण म्हटले की समुद्र, माड आणि आंबा एवढेच बहुधा आपल्या मनात उभे राहते. परंतु किनाऱ्याची घाटी चढून गेले म्हणजे वर जो विस्तीर्ण, सपाट कातळ लागतो, आणि ज्यास तिकडे सडा म्हणतात, त्याच्याकडे पाहुण्यांचे लक्ष सहसा जात नाही. भाद्रपदातील एका उघाडीच्या दिवशी आम्ही चौघे मित्र राजापूर तालुक्यातील अशाच एका सड्यावर पायी हिंडलो. वाटेत जुन्या चिरेखाणी लागल्या. त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा कातळ जांभ्याचा. मूळच्या काळ्या पाषाणावर लक्षावधी वर्षे ऊनपावसाचा मारा झाला, त्यातील सिलिका झिजून वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. तांबूस रंग त्या लोहाचा. फ्रान्सिस बुकनन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातील या दगडास ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. नाव समर्पकच म्हणावयाचे. कारण वरचे टणक कवच काढले की खालचा दगड हत्याराने कापता येतो, आणि वारा लागला म्हणजे तोच कठीण होतो.

जुन्या खाणीच्या भिंतींवर हत्याराच्या तिरप्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. तळाशी पावसाचे पाणी साचलेले, कडेला नेचे उगवलेले. आमच्यापैकी एकाने गुरे राखणाऱ्या वृद्ध गृहस्थांना विचारले, ‘‘आजोबा, ही खाण कोणाची?’’ ते हसून म्हणाले, ‘‘गावाची. खालची निम्मी घरे इथूनच उठून गेली.’’ घर, देऊळ, विहिरीचा काठ, कुंपणाचा गडगा, सारे या खळग्यातून निघालेले! तेव्हा खाण म्हणजे केवळ विध्वंस, असे शहरात बसून म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र चिऱ्यासाठी जे वरचे कवच प्रथम फोडून टाकावे लागते, त्यावरच सड्याचे सारे वैभव असते. पावसाळ्यात तेथील वीतभर मातीत सीतेची आसवे, दवबिंदू अशा कीटकभक्षी वनस्पती फुलतात. त्याच पृष्ठभागावर प्राचीन मानवाने चित्रे कोरून ठेविली आहेत. कशेळीस हत्तीची भव्य आकृती असून तिच्या पोटात इतर प्राणी आहेत; बारसूच्या सड्यावर वाघांसारख्या दोन श्वापदांमध्ये एक मनुष्य उभा आहे. काही ठिकाणी तर गेंडा कोरलेला आढळतो, जो आज कोकणात कोठेही नाही. या कातळशिल्पांपैकी नऊ स्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ही शिल्पे उजेडात आणण्याचे श्रेय मुख्यतः रत्नागिरीकडील हौशी शोधकांना आणि त्यांना वाट दाखविणाऱ्या ग्रामस्थांना आहे.

पूर्वी हातांनी चिरा काढीत, तेव्हा खाण सावकाश वाढे. आता यंत्राची पाती फिरतात, आणि माणसाने नीट पाहण्यापूर्वीच कातळ कापला जातो. शिवाय काम संपल्यावर कुंपणावाचून सोडलेल्या खाणी पावसात तुडुंब भरतात व गुरांस, मुलांस धोका होतो. याउलट काही शेतकऱ्यांनी अशा खळग्यांत माती भरून कलमे लाविली आहेत. तो मार्ग अनुकरणीय आहे.

कोकणातील माणसाने घर बांधू नये, असे कोण म्हणेल? मागणे एवढेच की, कवच फोडण्यापूर्वी जागा एकदा जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावी, आणि काम संपताच खळगा सुरक्षित करावा. आपल्यापैकी जे हौसेने सड्यावर फिरावयास जातील, त्यांनी जपून पाऊल टाकावे, आणि एखादी कोरीव रेघ दृष्टीस पडली तर ती गावकऱ्यांना व पुरातत्त्व खात्यास कळवावी. चिरा दुसऱ्या जागीही मिळतो. ती रेघ मात्र एकाच जागी आहे.