वडिलार्जित जमिनीची वांटणी

रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या गांवाच्या पाणंदीनें वैशाखांत चालत जावें, म्हणजे एक दृश्य बहुधा दृष्टीस पडतें. जांभ्या दगडांचा गडगा जागोजागीं ढांसळलेला असतो. आंत हापूसचीं जुनीं कलमें बांडगुळांनीं वेढलेलीं असतात. पलीकडे कौलारू घर कुलूप लावून उभें असतें आणि त्याची एक पडवी पावसानें खचलेली असते. हें घर कोणाचें, असें विचारल्यास गांवकरी एका शब्दांत उत्तर देतात: "सामाईक." त्या जमिनीचा सातबारा पाहिला तर मालकांच्या रकान्यांत दहाबारा नांवें एकाखालीं एक लिहिलेलीं आढळतात. त्यांतील कित्येक मृत झालेले, कांहीं मुंबईस स्थायिक झालेले, आणि कांहींना आपलें नांव त्या कागदावर आहे याची वार्ताही नसते. गडगा बांधण्याचा खर्च कोणी करावयाचा हें ठरत नाहीं, म्हणून तो पडतो.

कोंकणांत अशी सामाईक वहिवाट नवीन नव्हे. खोती गांवांत खोतीचा हक्क बहुधा अनेक भाऊबंदांचा असे. त्याच्या तक्षिमा पडत. परंतु जमीन प्रत्यक्ष न वांटतां एकानें व्यवस्थापक खोत म्हणून वसूल करावा, सरकारभरणा करावा आणि उरलेलें उत्पन्न इतर तक्षिमदारांस द्यावें, अशी रीत होती. १८८० सालच्या खोती कायद्यानें व्यवस्थापक खोताचें हें स्थान मान्य केलें. ज्याच्या हातीं वहिवाट, त्याच्या हातीं हिशेब. आणि हिशेबावरून तंटे, हें ओघानेंच आलें. या तंट्यांत कसणाऱ्या कुळाचें दुःख मात्र कोणाच्या हिशेबांत धरलें जात नसे. १९३७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढें १९४९ च्या कायद्यानें ती पद्धति संपविण्यांत आली. कुळकायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून पुष्कळ कुळें जमिनीचीं मालक झालीं. त्यामुळें वांटणीचा प्रश्न आतां खोताच्या वाड्यापुरता राहिलेला नाहीं. कालच्या कुळाच्या नातवांसही तोच प्रश्न पडला आहे.

वांटणीच्या शास्त्रास या जिल्ह्यानें मोठे पंडित दिले आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दापोलीजवळच्या मुरुड गांवीं जन्मलेले रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं १८८० सालीं व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्याच सालीं चिपळूणच्या परिसरांत महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म झाला. त्यांनीं धर्मशास्त्राचा विस्तृत इतिहास लिहिला आणि १९६३ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वरानें लिहिलेली मिताक्षरा ही टीका महाराष्ट्रांतील हिंदु कुटुंबांच्या वांटणीचा मुख्य आधार झाली. तिच्याप्रमाणें पुत्रास वडिलार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. कन्येस मात्र तसा हक्क नव्हता.

ही उणीव कायद्यानें क्रमाक्रमानें दूर केली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मृत पित्याच्या हिश्शांत मुलीस मुलाच्या बरोबरीनें वारसा दिला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानें मुलीस एकत्र कुटुंबांत जन्मसिद्ध भागीदार केलें, पण त्यापूर्वीं विवाह झालेल्या मुली त्यांतून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अखिल देशांत विवाहित व अविवाहित हा भेद उरला नाहीं. त्या दिवशीं पिता हयात असणें आवश्यक नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदणीकृत दस्तानें किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानें पुरी झालेली वांटणी पुन्हां उकलतां येत नाहीं. जिल्ह्यांतील मुसलमान कुटुंबांत हिस्से शरीयतीप्रमाणें ठरतात व तेथें मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. परंतु एकदां हिस्से ठरल्यावर जमीन सरसनिरस पाहून मोजून देण्याची अडचण सर्वांस सारखीच आहे.

ही अडचण समजण्यासाठीं एक कल्पित घर घेऊं. आईवडील निवर्तले आहेत. थोरला भाऊ गांवीं राहून बाग राखतो. धाकटा मुंबईस नोकरींत आहे. मधला वारला, त्याची पत्नी आपल्या मुलासह गांवींच आहे. आणि एक बहीण सासरीं नांदते. जमीन दोन एकर, म्हणजे ८० गुंठे. चार हिस्से केले तर प्रत्येकीं २० गुंठे, इतका हिशेब शाळेंतील मुलगाही करील. पण त्या ८० गुंठ्यांत भाताची जमीन १६ गुंठे, हापूसची बाग २४ गुंठे आणि उरलेले ४० गुंठे उघडा कातळ आहे. प्रत्येक प्रकार चौघांत वांटावयाचा म्हटल्यास भाताचे चार, बागेचे सहा आणि कातळाचे दहा गुंठे अशीं प्रत्येकाचीं तीन ठिकाणें होतात. चौघांचे मिळून बारा तुकडे. विहीर एकच, ती कोणाच्या तुकड्यांत जाणार? बागेंत जाण्याची वाट कोणाच्या शेतांतून काढावयाची? येथें अंकगणित संपतें.

शिवाय प्रत्येकाच्या मनांत कांहीं सल असतो. थोरला म्हणतो, "कलमांना पाणी मीं घातलें, फवारणीचें कर्ज मीं फेडलें." धाकटा म्हणतो, "मुंबईहून दरमहा मनिऑर्डर येत होती, ती कोणी पाठविली?" भावजयीस भय वाटतें कीं, मुलगा लहान आहे तोंवर आपणांस कोपऱ्यांतील कातळ देऊन वाटेस लावतील. आणि गणपतीला माहेरीं आलेल्या बहिणीपुढें थोरला हक्कसोडपत्र ठेवून म्हणतो, "ताई, तुला देवानें काय कमी दिलें आहे? एवढी सही कर." ताई सही करते, कारण न केली तर माहेरचें दार बंद होईल असें तिला वाटतें. हक्क सोडणें हा तिचा अधिकार आहे, पण तो समजून व स्वखुशीनें सोडलेला असावा. दाबून घेतलेली सही पुढें न्यायालयांत टिकेल याची खात्री नसते, आणि टिकली तरी त्या घरची भाऊबीज पूर्वीची राहत नाहीं.

या घरानें वांटणी पुढें ढकलली तर काय होईल, हेंही पाहावें. चार शाखांत प्रत्येकीं तीन वारस झाले म्हणजे मालक बारा होतात; आणखी एका पिढीनें छत्तीस. ८० गुंठ्यांस ३६ नें भागल्यास प्रत्येकास सव्वादोन गुंठ्यांहूनही कमी जमीन येते. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याप्रमाणें शासनानें ठरविलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे शेतजमिनीच्या वांटणीनें पाडतां येत नाहींत. अशा वेळीं एखाद्या हिस्सेदारास जमिनीऐवजीं पैशाच्या रूपानें मोबदला घ्यावा लागतो. म्हणजे जी गोष्ट आज चार माणसें ओटीवर बसून करूं शकतील, तीच उद्यां छत्तीस माणसांस करतांच येणार नाहीं.

वांटणीचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, सर्वांच्या संमतीनें वांटणीपत्र करून तें नोंदविणें. दुसरा, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या ८५ व्या कलमान्वयें तहसीलदाराकडे अर्ज करणें; मात्र कोणी मालकीचाच वाद उपस्थित केला, तर तो दिवाणी न्यायालयांत मिटेपर्यंत तेथें वांटप होत नाहीं. तिसरा, दिवाणी दावा. दाव्यांत सर्व हिस्सेदार व सर्व मिळकती आणाव्या लागतात. एक बहीण किंवा एक शेत वगळल्यास दाव्यास बाध येतो. न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनामा करून कोणाचा हिस्सा किती तें ठरवितें. त्यानंतर साऱ्याच्या जमिनीचें प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणें जिल्हाधिकाऱ्याकडे जातें आणि मोजणी होते; घरासाठीं न्यायालय कमिशनर नेमतें. मध्येंच कोणी वारल्यास त्याचे वारस दाखल करावे लागतात. हिस्सा ठरला म्हणजे जमीन मिळाली, अशी समजूत करून पुष्कळ लोक पहिल्या हुकूमनाम्यासच पेढे वांटतात. त्यांची खरी वाट त्यानंतर सुरू होते.

आणखी दोन गैरसमज दूर होणें इष्ट आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणजे वांटणी झाली असें नव्हे. ती नोंद महसुलाच्या सोयीसाठीं असते, आणि केवळ तिच्यामुळें मालकी उत्पन्न होत नाहीं किंवा जातही नाहीं. तसेंच, एका भावानें वीस वर्षें एकट्यानें जमीन वहिवाटली म्हणून इतरांचा हक्क आपोआप बुडत नाहीं. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सर्वांच्या वतीनें समजला जातो; त्यानें इतरांचा हक्क उघडपणें नाकारला असेल तरच गोष्ट निराळी. उलटपक्षीं, ज्यानें बाग वाढविली त्याच्या श्रमाकडे कायदा डोळेझांक करीत नाहीं. शक्य असेल तेथें सुधारलेला भाग सुधारणाऱ्याच्याच वांट्यास द्यावा, हें न्यायाचें तत्त्व आहे. १८९३ च्या वांटणी कायद्यानेंही, परक्यानें एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा विकत घेऊन वांटणी मागितल्यास, कुटुंबांतील हिस्सेदारास तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किंमतीस घेण्याची मुभा ठेवली आहे.

मग त्या कल्पित घरानें काय करावें? बाग थोरल्याकडे, भाताची जमीन भावजयीकडे, रस्त्यालगतचा कातळ धाकट्याकडे आणि उरलेला ताईकडे, अशी सोयीची मांडणी करावी. ज्याचा भाग अधिक मोलाचा, त्यानें कमी पडलेल्यास रोख भरपाई द्यावी. रक्कम मोठी असल्यास हप्ते बांधावे. विहिरीचें पाणी व जाण्यायेण्याची वाट यांचा हक्क कागदावर स्पष्ट लिहावा, कारण पुढचे तंटे बहुधा तेथूनच उगवतात. सोय जमत नसेल तर एकानें चार भाग पाडावे आणि त्यानें स्वतः शेवटीं उचलावें. भाग पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. दावा लागलाच असेल, तरी लोकअदालतींत तडजोड करण्यास अडचण नाहीं. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील चालत नाहीं.

जमीन रस्त्यासाठीं संपादन झाली तरीही हा प्रश्न सुटत नाहीं. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणांत जमीन गेली आणि मोबदला कोणास किती यावर हिस्सेदारांत एकमत नसलें, तर तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. शेत जातें, पैसा अडून राहतो, आणि म्हातारी भावजय तारखा मोजीत बसते.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपले वाडवडील सांगत. त्याचा अर्थ अन्याय मुकाट्यानें सोसावा असा नाहीं. जिला हक्क नाकारला गेला त्या बहिणीस किंवा विधवेस ती पायरी चढावीच लागते, आणि तिनें ती निःशंकपणें चढावी. परंतु जेथें हक्काबद्दल वाद नाहीं, केवळ बोलण्याचा संकोच आहे, तेथें आईवडील हयात असतांना, किंवा निदान सर्व भावंडें हयात असतांना, एकदां एकत्र बसून कागद करावा. यंदा शिमग्याला किंवा गणपतीला घर उघडेल, चाकरमानी येतील, बहिणी माहेरीं येतील. आरती आटोपल्यावर एक संध्याकाळ सातबारा पुढें ठेवून बसण्यास तितका अवकाश पुरेसा आहे. पावसाळ्यापूर्वीं गडगाही मग कोणीतरी बांधील.