विहिरीचे पाणी आणि मातीवाचून वाढणारी रोपे

आमच्या मावळात जुन्या बायका विहिरीची परीक्षा डाळीवर करतात. "त्या विहिरीचं पाणी प्यायला गोड आहे हो, पण डाळ काही शिजत नाही त्यात," असे एखादी आजी सहज सांगून जाते. तिने रसायनशास्त्र वाचलेले नसते. पण पाण्यात काहीतरी विरघळलेले असते आणि ते विहिरीगणिक निराळे असते, एवढे तिला पक्के ठाऊक असते. आजच्या विषयाची सुरुवात मला या डाळीपासूनच करावी लागणार आहे.

विषय आहे मातीवाचून रोपे वाढवण्याचा. तळेगाव दाभाड्यापासून पवनेच्या खोऱ्यापर्यंत आता जागोजागी पांढरी हरितगृहे दिसतात. त्यांना आपण पॉलिहाउस म्हणतो. आत गुलाब असतात, जरबेरा असतो. फेब्रुवारीच्या चौदा तारखेच्या आधी इथले गुलाब परदेशी रवाना होतात, हे आपण ऐकले असेल. यांपैकी काही ठिकाणी झाड मातीत नसतेच. ते नारळाच्या काथ्याच्या भुशात उभे असते आणि त्याचे सगळे जेवण ठिबकच्या नळीतून, पाण्यात विरघळून येते.

हे पाहून मलाही हौस आली. मी भूगोलाचा शिक्षक, रसायनाचा नव्हे. तरी परसात पत्र्याचे डबे मांडले, त्यांत धुतलेली वाळू व विटांचे तुकडे भरले, टोमॅटोची रोपे लावली आणि दुकानातून आणलेले विद्राव्य खत विहिरीच्या पाण्यात कालवून रोज घालू लागलो. पंधरा दिवस झाडे झकास होती. मग शेंड्याकडची नवी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग पिवळा. मला वाटले, खत कमी पडले. मी ते वाढवले. झाडे आणखी पिवळी झाली आणि महिन्याभरात गेली. पुढे माझ्या एका सहकाऱ्याने माझ्या विहिरीचे पाणी तपासले आणि हसून विचारले, "यात डाळ शिजते का रे?"

आता हे असे का होते ते पाहू. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आंबट होते. ते मुरमातून, खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. विहिरीत येते तेव्हा त्यात या दोघांचे बायकार्बोनेट असते. ते पाणी उकळले की हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो तो हाच. साबणाला फेस येत नाही तो यामुळेच, आणि डाळ टणक राहते तीही यामुळेच.

पिण्याला हे पाणी वाईट नाही. पण डब्यातल्या झाडाला बायकार्बोनेट जाचते. ते मुळापाशी सामू वाढवते, आणि सामू वाढला की पाण्यातले लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. लोह आहे, पण न मिळण्यासारखे. म्हणून नवे पान पिवळे. मी खत वाढवत होतो तेव्हा भुकेलेल्या माणसाला कुलूप लावलेले कोठार दाखवत होतो, दुसरे काही नाही. आपल्या इंद्रायणी भाताला याच विहिरीचे पाणी चालते, कारण भाताच्या चिखलात हवा नसते आणि तिथे लोह आपोआप मोकळे होते. शिवाय माती बरेच काही सांभाळून घेते. वाळू नि काथ्या काहीच सांभाळत नाहीत. तुम्ही जे द्याल तेवढेच झाडाला.

पाण्यापाण्यातला हा फरक माणसाने फार पूर्वी पाहिला आहे. 1699 साली इंग्लंडात जॉन वुडवर्ड याने पुदिना निरनिराळ्या पाण्यांत वाढवला. पावसाच्या पाण्यात तो कमी वाढला, नदीच्या आणि गढूळ पाण्यात जास्त. म्हणजे झाड नुसत्या पाण्यावर वाढत नाही, पाण्यातल्या द्रव्यांवर वाढते. पुढे 1860 च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी ही द्रव्ये कोणती ते शोधून झाडे केवळ क्षारांच्या द्रावणात वाढवून दाखवली. आपल्या देशात शोल्टो डग्लस याने 1946 पासून कालिंपोंगला वाळू-खडीतली साधी पद्धत बसवली. शाळेला ती उत्तम, कारण तिला यंत्र लागत नाही.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग जरूर करावा. क्नोपचे द्रावण आता शेतीच्या दुकानातल्या खतांतूनच करता येते. एक लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट एक ग्रॅम, आणि तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस व मॅग्नेशियम सल्फेट ही तिन्ही पाव-पाव ग्रॅम. यात सूक्ष्मद्रव्यांची चिमूट, म्हणजे मुख्यतः लोह. मात्र एक सांभाळा. कॅल्शियम नायट्रेट दाट स्वरूपात इतरांत कधी मिसळू नका. फॉस्फेटशी नि सल्फेटशी त्याचा पांढरा गाळ होऊन खाली बसतो. पॉलिहाउसमध्ये 'ए' आणि 'बी' अशा दोन टाक्या वेगळ्या ठेवतात त्या याचसाठी. आधी एक भरपूर पाण्यात विरघळवा, मग दुसरे घाला.

चार बरण्या घ्या. एकीत नुसते पावसाचे पाणी, दुसरीत नुसते विहिरीचे, तिसरीत विहिरीचे पाणी आणि खत, चौथीत अर्धे पावसाचे, अर्धे विहिरीचे आणि खत. बरण्यांना काळा कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळ धरते. मुळांचा वरचा भाग हवेत राहू द्या, नाहीतर ती गुदमरतात. टोमॅटोची सारख्या उंचीची रोपे लावून मुलांना रोज पाने मोजायला लावा. पहिल्या आणि दुसऱ्या बरणीत काय फरक पडतो, हे मी आधी सांगत नाही. मुलांना पाहू द्या.

पॉलिहाउसवाला शेतकरी या ठिकाणी म्हणेल, सर, बरण्या राहू द्या, माझ्या दहा गुंठ्यांचे बोला. खरे आहे. पवन मावळातल्या एका तरुणाने मला कर्जाचे कागद दाखवले होते. जागा, सांगाडा, रोपे, सगळ्याचा हिशेब त्यात होता. मी विचारले, पाणी तपासलेस का? तो म्हणाला, "त्यात काय तपासायचं? आम्ही पितो की!"

पाणी दोनदा तपासावे: दिवाळीच्या सुमारास, विहीर भरलेली असताना, आणि मे महिन्यात, तळ दिसू लागतो तेव्हा. उन्हाळ्यात क्षार वाढलेले असतात, आणि झाडाला बारा महिने तीच विहीर प्यायची असते. अहवालात सामू आणि ईसी पाहाच, पण बायकार्बोनेटचा आकडा आधी पाहा. लिटरला तीनशे मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल तर त्यातले बरेचसे आम्ल घालून मोडावे लागते. द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राहिला पाहिजे. यासाठी नायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्ल वापरतात, आणि त्यातून येणारे नत्र किंवा स्फुरद खताच्या हिशेबातून वजा करतात. विहिरीतच असलेले कॅल्शियमही वजा करावे. तेवढे पैसे वाचतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि हे काम शिकून घेतल्यावाचून करू नये. तळेगाव दाभाड्याला हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर आहे. हरितगृहाचे शिक्षण तिथे मिळते.

आम्लापेक्षा स्वस्त उपाय मात्र आपल्या डोक्यावरच पडत असतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पूर्वेकडे तळेगावाकडे येता येता तो झपाट्याने उतरतो. दहा गुंठ्यांचे छप्पर म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. लोणावळ्याच्या पावसाने त्यावर चाळीस लाख लिटर पाणी पडते. गुलाबाला चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर धरले, तर आठ कोरड्या महिन्यांना दहा-बारा लाख लिटर लागतील. निम्मे पाणी पावसाचे आणि निम्मे विहिरीचे वापरायचे ठरवले, तर सहा लाखांचे अस्तर घातलेले शेततळे पुरावे. बाष्पीभवनाला थोडी जागा जास्त ठेवावी. पावसाचे पाणी मिसळले की बायकार्बोनेट आपोआप निम्म्यावर येते. इतका पाऊस पन्हळीतून ओढ्याला सोडून द्यायचा आणि मग आम्लाचे कॅन विकत आणायचे, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत जास्त खुपते. काथ्यात क्षार साचू नयेत म्हणून झाडाला लागते त्याहून जास्त द्रावण द्यावे लागते. पाव हिस्सा तरी खालून निथळून जातो. तो कुठे जातो? बऱ्याच ठिकाणी चरातून बांधाकडे, आणि बांधाखाली विहीर. वर सांगितलेल्या द्रावणात लिटरला सातशे मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा पंचेचाळीस आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे ते दाट होते. वरचे दूध पाण्यात कालवून घेणाऱ्या तान्ह्या मुलाला ते बाधते. रक्त प्राणवायू नेईनासे होते आणि ओठ निळे पडतात. आपल्या खडकाच्या भेगांतून पाणी फार लवकर प्रवास करते. डाळीला हे कळत नाही आणि जिभेलाही नाही.

म्हणून निथळ उघड्या चरात सोडू नये. गादीखाली प्लास्टिकची पन्हळ घालून ते टाकीत धरावे आणि त्यात साधे पाणी मिसळून ते घासाला, केळीला, नारळाला बेताने द्यावे. त्यातले नत्र तिथे गवत खाऊन टाकते आणि गुरांना चारा होतो. त्या तरुणाच्या कागदांत या टाकीसाठी रकाना नव्हता. आम्ही तो पेन्सिलीने घातला, आणि वर पाण्याच्या तपासणीचा एक. बँकेतल्या साहेबांनी विचारले, हे कशाला? तो म्हणाला, "साहेब, खाली आमच्या चुलत्यांची विहीर आहे."