सदरा कोणाचा, खेळ कोणाचा?



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो वेतन, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. मी आज बोलणार आहे ते हॉकीवर, हॉकीच्या साखळी सामन्यांत अजिंक्यपद कोणी कोणी मिळविले त्यावर, आणि त्या खेळाडूंच्या अंगावरील सदऱ्यावर. आजची मुले त्याला जर्सी म्हणतात. विषय हलका वाटेल. पण शेवटपर्यंत ऐकलेत तर मी माझ्या नेहमीच्या विषयापासून फार दूर गेलो नाही, हे आपल्या ध्यानात येईल.

प्रथम दोन गोष्टी सांगतो. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीच्या मैदानावर महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्स या संघाने सूरमा क्लबचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. विजयी संघाचे दोन्ही गोल एकाच मुलीने केले. तिचे नाव ऋतुजा दादासो पिसाळ, जिल्हा सातारा. दुसरी गोष्ट क्रिकेटची. आपल्या सांगलीत लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना हिने २०२४ साली महिलांच्या प्रीमियर लीगचे अजिंक्यपद मिळविले, ते बंगळूरच्या संघाची कर्णधार म्हणून. साताऱ्याच्या मुलीच्या अंगावर ओडिशाचे नाव आणि सांगलीच्या मुलीच्या अंगावर बंगळूरचे. दोघींचे कौतुक आपण केले, पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. परंतु ऋतुजा खेळली त्या महिला लीगमध्ये चार संघ होते आणि त्याच वर्षीच्या पुरुषांच्या लीगमध्ये आठ. या बारांत महाराष्ट्राचा संघ एकही नव्हता. तेव्हा मनात प्रश्न येतो तो असा, की सदरा कोणाचा आणि खेळ कोणाचा?

सदऱ्याचे मूळ काम साधे आहे. धावपळीत आपला कोण आणि परका कोण, हे ओळखू यावे. म्हणून एका संघाचे सदरे एका रंगाचे असतात, आणि गोलरक्षकाचा रंग दोन्ही संघांहून निराळा असावा, असा नियम आहे. पण माणसाने अंगात घातलेली वस्तू नुसती खुणेपुरती राहत नाही. कापडाबरोबर तिला अभिमानही चिकटतो. तो कोणी चिकटविला आणि त्याचा भाव कोणी वसूल केला, हे पाहिले पाहिजे.

आपल्या देशात हॉकीच्या मोठ्या स्पर्धा सव्वाशे वर्षांहून जुन्या आहेत. कलकत्त्याचा बेटन कप १८९५ सालचा आणि मुंबईची आगाखान स्पर्धा त्याच्या पुढच्या वर्षाची. त्या काळी संघ असत पलटणींचे, रेल्वेचे, कस्टम्सचे, पुढे पुढे मोठ्या कंपन्यांचे. पण केवळ एका गावाच्या बळावर उभे राहिलेले संघही असत. झाशी हीरोज हा त्यातला एक. १९३३ साली ध्यानचंद आणि त्यांचे बंधू रूपसिंग यांना घेऊन झाशीसारख्या गावाच्या संघाने कलकत्त्याच्या बलाढ्य कस्टम्स संघाला हरवून बेटन कप जिंकला. ऑलिंपिकची सुवर्णपदके घरात असलेल्या ध्यानचंदांना आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला सामना विचारला, तर ते या सामन्याचे नाव घेत. गावाच्या सदऱ्याची किंमत ही अशी असते.

रेल्वेच्या किंवा कंपनीच्या सदऱ्याचीही एक किंमत होती, आणि कामगारांचा माणूस म्हणून मी ती कमी लेखणार नाही. त्या सदऱ्याबरोबर नोकरी असे. आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले यांचे उदाहरण घ्या. वडील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करणारे. मोडक्या काठ्या दोरीने आणि सरसाने जोडून ही भावंडे खेळत. पुढे धनराज मुंबईला महिंद्राच्या संघात आणि नंतर इंडियन एअरलाइन्सच्या संघात खेळले, चार ऑलिंपिक खेळले, आणि १९९८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला आशियाई सुवर्णपदक मिळविले. कारखान्याची वसाहत, तिथले मैदान आणि खेळाच्या जोरावर मिळालेली नोकरी, या तीन पायऱ्या नसत्या तर ती काठी मोडकीच राहिली असती.

आता नव्या युगाकडे येऊ. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. दूरदर्शन संचावर शोभावा म्हणून खेळ चार भागांत वाटला आणि संघांना भडक रंगांचे सदरे दिले. पहिले अजिंक्यपद हैदराबाद सुलतान्सने घेतले. आपला संघ होता मराठा वॉरियर्स आणि त्याचे नायक होते धनराज. २००८ नंतर ती लीग बंद पडली आणि मराठा वॉरियर्स हे नावही तिच्याबरोबर गेले. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तीत पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स असे आपले दोन संघ होते. पुण्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि शेर-ए-पंजाबकडून हरला. ती लीग एकाच हंगामात आटोपली आणि मागाहून खेळाडूंचे पैसे थकल्याच्या बातम्या वाचावयास मिळाल्या.

२०१३ साली हॉकी इंडिया लीग निघाली. तिच्या पहिल्या पाच हंगामांची अजिंक्यपदांची यादी ऐका. २०१३ साली रांची ऱ्हायनोज, २०१४ साली दिल्ली वेव्हरायडर्स, २०१५ साली रांची रेज, २०१६ साली पंजाब वॉरियर्स आणि २०१७ साली कलिंगा लान्सर्स. पाच वर्षांत पाच विजेते. यात रांची दोनदा येते, पण दोन निराळ्या नावांनी. कारण मध्यंतरी जुना मालक गेला आणि नवा आला. रांचीचे प्रेक्षक तेच, टाळ्या तितक्याच. पण नोंदवहीत पहिल्या संघाच्या नावापुढे एक विजय आणि दुसऱ्याच्या नावापुढे एक. मुंबईची कथाही अशीच. दोन हंगाम मुंबई मॅजिशियन्स, मग मालक बदलून दबंग मुंबई. हा दबंग संघ २०१७ साली अंतिम सामन्यात कलिंगाकडून हरला. त्यानंतर सात वर्षे लीगच झाली नाही. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मुंबईचे नाव यादीतून पुसले गेले होते.

म्हणजे वीस वर्षांत महाराष्ट्राच्या नावाचे पाच सदरे शिवले गेले आणि पाचही अडगळीत पडले. २००५ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, त्याने मोठा होईपर्यंत कोणत्या रंगावर जीव लावावा? आजोबांनी नातवाला सांगावे की हा आपला संघ, इतका काळ एकही संघ टिकला नाही. खेळाडू कमी पडले म्हणून हे झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका कारखान्यात मी कामगारांचे काम पाहत होतो. कारखान्याचा कबड्डीचा संघ होता. लाल सदरा, पाठीवर कारखान्याचे नाव. जिल्ह्यात बक्षिसे मिळत, ढाली ऑफिसातल्या कपाटात मांडल्या जात, पाहुणा आला की साहेब त्या दाखवीत. एके वर्षी कायम कामगार कमी करून ठेकेदारामार्फत माणसे घेण्याचे ठरले. संघातल्या पाचजणांची नावे त्या यादीत निघाली. आम्ही बोलणी केली, दारात बसलो; तिघांना परत घेतले, दोघे गेले. संघ मात्र मोडला तो मोडलाच. ढाली कपाटात राहिल्या. गेलेल्या दोघांपैकी एकजण तो लाल सदरा घालून शेतात पाणी धरताना दिसे. कापड चांगले होते, बरीच वर्षे टिकले.

खेळाच्या लिलावाची बातमी वाचताना मला हे आठवते. लिलावात पैसा मिळतो, हे मी नाकारीत नाही. २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंग याला ७८ लाख रुपये मिळाले आणि मुलींमध्ये उदिता हिला सर्वाधिक ३२ लाख. हॉकीपटूच्या हाती असा पैसा पूर्वी कधी पडला नव्हता. तो त्याच्या घामाचा आहे आणि त्याला मिळालाच पाहिजे. मात्र पुरुषांच्या संघाला खेळाडू घेण्यासाठी ४ कोटी आणि मुलींच्या संघाला २ कोटी, हा हिशेब समान कामाला समान दाम मागणाऱ्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही. शिवाय हा करार हंगामाचा. मालकाचे मन बदलले की संघ गेला, संघ गेला की काम गेले. आमच्या भाषेत याला ठेक्याचे काम म्हणतात. दाम मोठा असला म्हणून ठेका कायम होत नाही.

मग उपाय काय? नुसती तक्रार करून संघटना चालत नाही, मागणी मांडावी लागते. यासाठी ओडिशाकडे पाहावे. तेथील सरकारच्या महामंडळाने आणि सरकारी कोळसा कंपनीने मिळून कलिंगा लान्सर्स उभा केला आणि २०१७ चे अजिंक्यपद जिंकले. २०१८ पासून भारताच्या पुरुष आणि महिला संघांच्या सदऱ्यांवर ओडिशाचे नाव आले. टोकियोला २०२१ साली आपल्या पुरुषांनी ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आणले, मुली चौथ्या आल्या, तेव्हा सदऱ्यावर त्याच राज्याचे नाव होते. नाव छापण्याबरोबर त्यांनी मैदानेही बांधली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली. त्या गवतावर पाय ठेवल्याविना आज मोठा खेळाडू घडत नाही. हे काम सदरे शिवण्याहून खर्चाचे आणि कमी दिसणारे आहे.

दुसरे उदाहरण परदेशातले. जर्मनीत फुटबॉल क्लबमध्ये धनिकाने कितीही पैसा घातला तरी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती राहावीत, असा नियम आहे, अपवाद थोडे. स्पेनचा बार्सिलोना क्लब सभासदांच्या मालकीचा. २००६ पर्यंत त्याच्या सदऱ्याच्या छातीवर जाहिरात नव्हती. आणि त्या वर्षी नाव आले ते संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचे, त्यासाठी पैसे घेण्याऐवजी क्लबने उलट त्या निधीला दिले. सभासदांची मालकी हे शब्द ऐकून आपल्या जिल्ह्यांत कोणी चकित होऊ नये. साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या आपण सहकाराने उभारल्या. त्यांत काय चांगले झाले आणि काय बिघडले, हेही आपण जाणतो. भागभांडवल गोळा करून ज्यांनी कारखाना चालविला, त्यांना एक हॉकीचा संघ जड नाही.

आणि खेळाडूंची वाण तर नाहीच. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या शेतकऱ्यांच्या मुली भारताच्या संघापर्यंत पोहोचल्या. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात वैष्णवी होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते लोकांच्या वर्गणीवर आणि प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून दिलेल्या सात हजार रुपयांवर. ते कांस्यपदक घेऊन आले. त्या पदकात वर्गणीदारांचाही वाटा आहे, असे मी मानतो.

तेव्हा माझी मागणी थोडक्यात सांगतो. सातारा आणि सांगली मिळून मुलामुलींचा हॉकीचा एक संघ असावा. सभासद साधी माणसे असावीत, वर्गणी परवडेल अशी असावी आणि कोणाच्याही हाती एकाहून अधिक मत नसावे. मदत देणाऱ्याचे नाव बाहीवर घाला, आभार माना. छातीवर नाव गावांचे. रंग एकदा ठरला की सभासदांच्या सभेवाचून बदलू नये. आणि या सर्वांच्या आधी, खेळाडूला हंगामाबाहेरचे नऊ-दहा महिने पोट भरण्याजोगी नोकरी, दुखापतीत औषधपाणी आणि कराराची एक प्रत त्याच्या स्वतःच्या हाती असावी. एवढे झाले तर त्या संघाने पहिल्या वर्षी सगळे सामने हरले तरी चालतील. हरलेला संघ पुढल्या वर्षी पुन्हा मैदानात येतो; बंद पडलेला येत नाही.

चषक जिंकणे हा खेळाडूचा पराक्रम. पण तो ज्या सदऱ्यात जिंकला तो सदरा वीस वर्षांनीही ओळखीचा राहावा, हे काम प्रेक्षकांचे, म्हणजे येथे बसलेल्या आपणा सर्वांचे आहे. ते मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.