ब्रेबोर्न क्रीडांगणाचीं पहिलीं बारा वर्षें



क्रीडांगण म्हणजे तरी काय? सपाट केलेली जमीन, तिच्यावर जोपासलेली हिरवळ आणि भोंवतालीं बसावयाच्या पायऱ्या. एवढ्यानें जागा तयार होते. परंतु तिला इतिहास प्राप्त व्हावयास माणसें लागतात, आणि माणसें आलीं म्हणजे त्यांच्याबरोबर त्यांचे रुसवेफुगवेहि येतात. मुंबईच्या ब्रेबोर्न क्रीडांगणाच्या पहिल्या बारा वर्षांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. तींत धांवा पुष्कळ आहेत. पण धांवांपेक्षां एका प्रश्नाकडे आपण लक्ष द्यावें अशी माझी विनंती आहे. तो प्रश्न असा, कीं या पायऱ्यांवर कोणीं कोणाच्या शेजारीं बसावयाचें?

रावेरसारख्या तालुक्याच्या गांवीं, केळीच्या बागांच्या सान्निध्यांत बसून ऐकणाऱ्या श्रोत्यांस वाटेल, कीं पांचशें किलोमीटरांवरील त्या मैदानाशीं आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो याच नभोवाणीनें जोडला आहे. सन १९३४ मध्यें बॉबी तल्यारखान यांनीं मुंबईच्या एका सामन्याचें धांवतें वर्णन ध्वनिक्षेपकावरून केलें, आणि पुढें ब्रेबोर्नवरून त्यांचा आवाज दूरदूर पोंचूं लागला. ते एकटेच दिवसभर बोलत, आणि बोलत इंग्रजींत. ज्यांनीं तें मैदान कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांनीं तें असें कानांनीं पाहिलें. नभोवाणीच्या श्रोत्याला तिकीट लागत नाहीं, आणि त्याची जात वा धर्महि कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट पुढील हकीकत ऐकतांना ध्यानांत ठेवावी.

हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबरांत मुंबईस झाला, तो बाँबे जिमखान्याच्या मैदानावर. लाला अमरनाथ यांनीं तेथें ११८ धांवा काढल्या आणि सारी मुंबई वेडी झाली. पण ज्या जिमखान्याच्या हिरवळीवर हा पराक्रम झाला, त्याचें सभासदत्व हिंदी माणसाला त्या वेळीं मिळत नसे. खेळावयाला या, परंतु घरांत येऊं नका, असाच तो प्रकार. त्याच वर्षीं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली होती. तिला स्वतःचें मैदान हवें होतें.

हें मैदान मिळालें कसें, याची एक गोष्ट सांगतात. संस्थेचे धडाडीचे चालक अँथनी डिमेलो हे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांजकडे गेले आणि त्यांनीं त्यांस विचारलें, कीं आपणांस सरकारी तिजोरींत पैसा हवा, कीं स्वतःसाठीं अमरत्व हवें? लाटसाहेबांनीं अमरत्व पत्करलें. बॅकबे येथें समुद्र हटवून काढलेल्या जमिनीपैकीं ९०,००० चौरस यार्ड संस्थेस चौरस यार्डास साडेतेरा रुपये दरानें मिळाली. २२ मे १९३६ रोजीं ब्रेबोर्नसाहेबांच्या हस्तें कोनशिला बसविण्यांत आली. ७ डिसेंबर १९३७ रोजीं मैदान खुलें झालें, त्या वेळीं ब्रेबोर्न हे बंगालचे गव्हर्नर झालेले होते. म्हणून उद्घाटन नवे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांनीं केलें. पहिला सामना संस्थेचा संघ आणि विलायतेहून आलेला लॉर्ड टेनिसन यांचा संघ यांच्यामध्यें झाला. खेळाडूनें आपल्या खोलींतून बाहेर यावें आणि सज्जांतून खेळ पाहावा, अशी सोय असलेली ती इमारत पाहून परदेशी पाहुणेहि खूष होत.

वास्तु नवी, परंतु तींत आलेला मोठा उत्सव जुना होता. चौरंगी सामने मुंबईंत कित्येक वर्षें चालत आले होते. युरोपियन, पारशी, हिंदु आणि मुसलमान असे चार संघ, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें त्याचा समाज. सन १९३७ मध्यें हे सामने ब्रेबोर्नवर आले, आणि ख्रिस्ती वगैरे उरलेल्या समाजांचा ‘इतर’ हा पांचवा संघ मिळून ते पंचरंगी झाले. आणि पहिल्याच वर्षीं काय घडावें? प्रेक्षकांच्या जागांची वांटणी आपणांस मान्य नाहीं म्हणून हिंदु संघानें सामन्यांवर बहिष्कार घातला! समुद्रांतून जमीन काढणाऱ्या शहराला दोनचार हजार माणसें बसवितां येईनात. भांडण चेंडूफळीचें नव्हतें, बैठकीचें होतें. आणि बैठक ही समाजासमाजांच्या हिश्श्यानें मोजली जात होती.

१९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींकडे गेलें. युद्ध पेटलेलें, देशांतील पुढारी तुरुंगांत. अशा वेळीं हे उत्सव नकोत, हें त्यांनीं सांगितलेंच. पण खेळांत जातवार संघ कशाला, हाहि त्यांचा रोखठोक प्रश्न होता. त्या वर्षीं हिंदु संघानें माघार घेतली. तरीहि सामने बंद पडले नाहींत. लोक येत राहिले, कारण खेळ चांगला होता. हा पेंच खरा अवघड आहे, श्रोते हो. जी प्रथा आपणांस दुभंगते, तींतच आपल्या आनंदाचे सर्वांत मोठे क्षणहि असूं शकतात.

असा एक क्षण सांगतों. सन १९४३. विजय मर्चंट आणि विजय हजारे या दोघां विजयांमध्यें विक्रमांची जणूं चढाओढ लागली होती. पंचरंगी सामन्यांतील मर्चंटांचा नाबाद २४३ धांवांचा उच्चांक हजारे यांनीं मुसलमानांविरुद्ध २४८ धांवा काढून मोडला. अंतिम सामन्यांत हिंदु आणि इतर यांची गांठ पडली, तेव्हां मर्चंटांनीं नाबाद २५० केल्या. हिंदूंच्या ५ बाद ५८१. इतरांचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत सांगलीचे हे मराठी ख्रिस्ती हजारे उभे राहिले. दुसऱ्या टोंकाला त्यांचा भाऊ विवेक. दोघांनीं मिळून ३०० धांवांची भर घातली. तींत विवेकच्या धांवा किती? अवघ्या २१! सगळ्या संघाच्या ३८७ झाल्या, त्यांत एकट्या हजारे यांच्या ३०९. सामना हिंदूंनीं एक डाव आणि ६१ धांवांनीं जिंकला. परंतु आठवण राहिली ती हरलेल्या संघांतील माणसाची. पुढच्याच मोसमांतील अंतिम सामन्यांत के. सी. इब्राहिम हे १३७ धांवांवर नाबाद राहिले आणि मुसलमानांच्या संघानें हिंदूंवर अवघा एक गडी राखून विजय मिळविला. उत्तम खेळाला समाज नसतो, हें प्रेक्षकांना मैदानच शिकवीत होतें.

आतां एक सामना विशेषतः रावेरकरांसाठीं. आपल्या स्टेशनावरून एक वाट भुसावळवरून मुंबईस जाते, तर दुसरी बऱ्हाणपूर-खंडव्याकडून इंदूरला. १९४५ च्या मार्चमध्यें या दोन टोंकांची झुंज ब्रेबोर्नवर लागली. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबईनें ४६२ आणि ७६४, होळकरांनीं ३६० आणि ४९२ धांवा केल्या; एकंदर २,०७८! मर्चंट यांनीं २७८ काढल्या. मुश्ताक अली यांनीं दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. लष्करी नोकरीमुळें महूस असलेले इंग्रज खेळाडू डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून २४९ वर नाबाद राहिले. आणि बिचाऱ्या सी. एस. नायडूंनीं या एका सामन्यांत ९१७ चेंडू टाकले. मुंबई ३७४ धांवांनीं जिंकली. पण पाहा, येथें सामना धर्माधर्मांचा नव्हता; प्रांताप्रांतांचा होता. होळकरांच्या एकाच संघांत नायडू, मुश्ताक अली आणि कॉम्प्टन खांद्याला खांदा लावून खेळले.

१९४६ मध्यें पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. देश स्वतंत्र झाला, आणि त्याच वेळीं दुभंगला. १९४८ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्नवर पहिला कसोटी सामना झाला, वेस्ट इंडीजशीं. त्यांच्या वीक्स यांनीं १९४ धांवा केल्या. आमच्या रुसी मोदी यांनीं ११२ आणि हजारे यांनीं नाबाद १३४ काढून सामना वांचविला. परंतु खरा दिवस उगवला तो ८ फेब्रुवारी १९४९ रोजीं, त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटींत.

जिंकावयास ३६१ धांवा हव्या होत्या. तोंपर्यंत भारतानें एकहि कसोटी जिंकलेली नव्हती. कर्णधार अमरनाथ यांनीं ३९, मोदी यांनीं ८६, हजारे यांनीं १२२ धांवा केल्या. यष्टिरक्षक सेन जखमी, म्हणजे खेळावयास एक माणूस कमी. अखेरीस कोल्हापूरचे दत्तू फडकर आणि हैदराबादचे गुलाम अहमद मैदानावर उरले. धांवा ८ बाद ३५५; सहा धांवा कमी. आणि शेवटच्या षटकांतला एक चेंडू राहिला असतांनाच पंचांनीं बेल्स उचलल्या! सामना अनिर्णित राहिला. भारताचा पहिला कसोटी विजय त्यानंतर तीन वर्षांनीं, १९५२ मध्यें, मद्रासेस झाला.

तो एक चेंडू टाकला गेला असता तर काय झालें असतें, याची चर्चा आजहि रंगते. मला मात्र दुसरेंच कांहीं दिसतें. अमरनाथ हिंदु, मोदी पारशी, हजारे ख्रिस्ती, गुलाम अहमद मुसलमान. बारा वर्षांपूर्वीं याच पायऱ्यांवर यांच्या समाजांचे हिस्से मोजून भांडणें झालीं होतीं. त्या दिवशीं तेथें बसलेल्यांना आपला संघ कोणता, हें निराळें ठरवावें लागलें नाहीं. सहा धांवा कमी पडल्या, पण त्या सर्वांना मिळून कमी पडल्या.

जागांचें भांडण मात्र सहजासहजीं मरत नाहीं. पुढें मुंबई क्रिकेट संघटना आणि हा क्लब यांच्यांत पुन्हां जागांवरूनच बिनसलें. त्यांतून शेजारीं वानखेडे क्रीडांगण उभें राहिलें आणि १९७५ पासून कसोटी सामने तिकडे गेले. ब्रेबोर्नवर कसोटी परतली ती २००९ मध्यें, छत्तीस वर्षांनीं. खुर्च्यांसाठीं मनुष्य भांडतच राहणार; पण ज्या भांडणांत हिशेब धर्माचा असतो आणि ज्यांत तो केवळ तिकिटांचा असतो, त्या दोहोंत फार अंतर आहे. तें अंतर या मैदानानें पहिल्या बारा वर्षांत तोडलें, ही त्याची सर्वांत मोठी खेळी होय. धांवफलकावर ती कोठेंहि लिहिलेली नाहीं. म्हणून आज येथें सांगितली.