गोळ्या पोचल्या, बाई पोचली का?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मानसिक आजार म्हटलं की आपल्याला आठवतं ठाणं, नाहीतर येरवडा. माणसाला गावातून उचलायचं आणि तिथं नेऊन ठेवायचं, ही जुनी रीत. ती बदलावी म्हणून १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवायचं, औषधं गावाजवळच द्यायची. त्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. ही चांगलीच गोष्ट झाली.

पण मी हे काम करते, म्हणून सांगते. ठरलेल्या दिवशी पथक रुग्णालयात येतं, तेव्हा रांगेत कोण असतं? आजारी मुलगा आणि त्याची आई. आजारी नवरा आणि त्याची बायको. बाईच आजारी असली, तर मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून तिला कोण आणणार?

एक बाई तीन महिने आली. झोप नाही, धडधड होते, एवढंच सांगायची. गोळ्या घेऊन जायची. चौथ्या महिन्यात आली नाही. घरी गेले, तर तिला माहेरी धाडलेलं. केसपेपर मात्र नवऱ्यानं जपून ठेवला होता, कोर्टात दाखवायला! घरात तिला मारहाण होत होती. ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

म्हणून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आपण वाचायला हवा. घरच्यांनी टाकलेल्या व्यक्तीला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा, यासाठी सरकारनं कायदेशीर मदतीसह आधार द्यायचा, असं कलम १९ म्हणतं. कोर्टात आजाराचा पुरावा आला आणि बाईनं तो नाकारला, तर कोर्टानं तो तपासणीसाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा, असं कलम १०५ सांगतं. उपचारांची माहिती गुप्त राखणं हाही रुग्णाचा हक्क आहे.

हे हक्क गावात उतरवायचे कसे? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. तिथं आपण तीन मागण्या लावून धरू या. उपचाराला जाणाऱ्या बाईला प्रवासखर्च मिळावा. आशाताईंनी तिच्याशी एकटीशी बोलावं आणि मारहाणीबद्दल विचारावं. मारहाण होत असेल, तर तिच्या इच्छेनं २००५ च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याशी तिची गाठ घालून द्यावी.

आज पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. शौचालय, पाणी, रस्ता हे विषय त्यांनी सभेत आणले. आता झोप न येणाऱ्या बाईचा विषयही आणू या. नुसत्या गोळीनं मार थांबत नाही. आणि मार थांबला, म्हणून गोळी लागणारच नाही, असंही नाही. बाईला दोन्ही मिळायला हवं.