सोमनूरचा संगम
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



भूगोलाच्या तासाला आपण गोदावरी त्र्यंबकेश्वरपासून नांदेडपर्यंत काढायचो आणि पेन्सिल खाली ठेवायचो. पुढची नदी आंध्रवाल्यांची! पण तेलंगणातून वाहत ती गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचाला पुन्हा आपल्या राज्याची सीमा होते. तिथे तिला प्राणहिता मिळते आणि असरअल्लीच्या पुढे सोमनूरला इंद्रावती. याच संगमावर महाराष्ट्र, तेलंगण आणि छत्तीसगड भेटतात. जानेवारीत मी तिथे जाऊन आले.

पाहायला काय आहे? वाळू, पाणी, एक नाव. सीमा म्हणून दाखवावं असं काहीच नाही. आपल्या दहावीच्या नकाशात समोरचे दोन्ही काठ मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश होते. 2000 साली एकाचं नाव बदललं, 2014 साली दुसऱ्याचं. काठ तिथेच आहेत.

नावेजवळ एक आजी भेटल्या. त्या तेलुगूत बोलत होत्या, आमचा ड्रायव्हर मराठीत सांगत होता. त्यांचं माहेर इंद्रावतीपलीकडे. लग्न करून आल्या तेव्हा ते मध्य प्रदेशात होतं. सूनही तिकडचीच आणली. तिच्याकडे जमातीचा दाखला आहे, पण तो पलीकडच्या राज्याचा. अनुसूचित जमातीची यादी राज्यागणिक वेगळी असते, त्यामुळे लग्न होऊन आलेल्या मुलीला तो दाखला इथल्या आरक्षणासाठी चालत नाही. सून बारावी झालेली, नोकरीचा अर्ज भरायची तिची इच्छा. नाव वल्हवत दहा मिनिटांत माहेर गाठता येतं, पण अर्जाच्या दृष्टीने ते परराज्य.

वीस वर्षं मी असेच अर्ज संगणकावर आणण्याचं काम करते. 'राज्य' या रकान्यात एकच नाव निवडता येतं, आणि ते निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नियमच तसा आहे, संगणक काय करणार, असं आम्ही म्हणतो. सुनेसमोर मात्र मला ते वाक्य म्हणवलं नाही. तिच्याजवळचे कागद पाहिले, तालुक्याच्या कचेरीत काय विचारायचं ते लिहून दिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

निघताना आजींनी विचारलं, "तुम्ही कुठच्या?" नाशिक त्यांना माहीत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "ही गोदावरी येते ना, तिकडच्या." आजी लगेच म्हणाल्या, "मग तुमच्याकडे जास्त पाऊस झाला की आधी कळवत जा!"

खरं तर तिथला पूर बहुतेक प्राणहिता आणि इंद्रावतीचा. मी वाद घातला नाही. कळवते म्हटलं.